निमकरांच्या कादंबरीचं सातवं प्रकरण

माणसाची थट्टा करण्याआधी त्याची लेखी परवानगी घेणारा विनोदी लेखक मी आयुष्यात एकच पाहिला. त्यांचं नाव निमकर. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात ते आवक-जावक सांभाळायचे. म्हणजे बाहेरून येणारं आणि बाहेर जाणारं प्रत्येक पत्र आधी त्यांच्या टेबलावर थांबायचं, नंबर घ्यायचं आणि मगच पुढे सरकायचं. मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले आणि पुढे हेडक्लार्क झाले. एकवीस वर्षं आमची टेबलं समोरासमोर होती. एवढ्या काळात नवरा-बायकोही एकमेकांकडे बघायचं सोडून देतात. मला मात्र निमकरांकडे बघण्याचा कधी कंटाळा आला नाही.

अंगात बंद गळ्याचा कोट, उन्हाळ्यातसुद्धा. खिशाला दोन पेनं, एक लिहायचं आणि एक कुणी मागितलं तर द्यायचं. लग्न केलं नव्हतं. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "प्रस्ताव रीतसर आला नाही."

'रीतसर' हा त्यांचा लाडका शब्द. चहा रीतसर हवा, म्हणजे बशीसकट. रजा रीतसर, भांडण रीतसर. दुसरा शब्द 'नोंद घेतली'. माझ्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "नोंद घेतली." आमच्या शिपायाचे वडील वारले तेव्हाही तेच. पण लग्नाला आणि मयताला, दोन्हीकडे सगळ्यात आधी पोचलेला माणूस निमकरच होते.

कादंबरीची सुरुवात एका परिपत्रकापासून झाली. वरून पत्र आलं, की आधीचं अमुक नंबरचं परिपत्रक रद्द समजावं. ते आधीचं आमच्याकडे आलंच नव्हतं. निमकरांनी विचारणा केली, की जे मिळालेलं नाही ते रद्द कसं समजावं? उत्तर आलं, की मूळ परिपत्रक मिळाल्याचं आधी कळवावं, मग विचार करता येईल. निमकरांनी ते उत्तर दोनदा वाचलं, त्याला नंबर दिला, आणि ड्रॉवरमधून पाठकोरे कागद काढून लिहायला बसले. आमच्या ऑफिसात पाठकोऱ्या कागदांना तोटा नव्हता. सगळ्या कॉलेजचा कारभार कागदाच्या एका बाजूला चालायचा. दुसऱ्या बाजूला निमकरांनी कादंबरी लिहिली.

नाव 'आवक-जावक'. बारा प्रकरणं. एक कॉलेज आहे आणि तिथे फायली सोडून काहीही हलत नाही, एवढीच गोष्ट. मधल्या सुट्टीत मी ती टाइप करायचे. तीन कार्बन कॉप्या. टाइप करताना हसू आलं की अक्षर चुकतं, म्हणून पहिली पानं मी दात आवळून काढली.

आता परवानगीबद्दल. प्रत्येक प्रकरण पुरं झालं की निमकर ते खाकी फायलीत लावायचे, दोन भोकं, लाल नाडी, आणि वर एक पत्र:

'विषय : आपली थट्टा करण्यास अनुमती मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सोबतच्या प्रकरणात आपली थट्टा करण्यात आली आहे. तरी कृपया वाचून अभिप्राय नोंदवावा. हरकत असल्यास पृष्ठ क्रमांकासह कळवावे.'

"निमकर, थट्टा अशी विचारून करतात का?" मी म्हटलं.

"न विचारता केली तर ती निंदा होते, बाई. निंदेला मी नंबर देत नाही."

मला वाटलं, आता ह्यांची बदली तरी होईल नाहीतर चौकशी तरी. पण आमच्या प्राध्यापकांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी कशाबद्दल तरी परवानगी मागत होतं. सगळे खूश झाले. अर्थशास्त्राच्या सरांनी लिहिलं, 'पृष्ठ चारवर माझ्या नोट्स जुन्या झाल्याने पिवळ्या पडल्या आहेत असे म्हटले आहे. कागद मुळातच पिवळा होता. बाकी हरकत नाही.' संस्कृतच्या सरांनी आख्ख्या प्रकरणातली शुद्धलेखनाची तपासणी लाल शाईनं केली आणि खाली लिहिलं, 'बेचाळीस गुण. उत्तीर्ण.' प्राचार्यांच्या प्रकरणात त्यांचं एक न संपणारं भाषण होतं. त्यांनी तक्रार केली, की भाषण अर्धवट दिलंय, आणि उरलेलं पाठवून दिलं. निमकरांनी ते 'जोडपत्र अ' म्हणून लावलं. थट्टा त्यामुळे दुप्पट झाली, हे प्राचार्यांच्या शेवटपर्यंत लक्षात आलं नाही.

जे कादंबरीत नव्हते त्यांचं दुखणं निराळंच. कॉमर्सचे एक सर आठवडाभर निमकरांशी बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "आम्ही काय थट्टेच्याही लायकीचे नाही का हो?" आणि रीतसर अर्ज केला. निमकरांनी लेखी कळवलं, की आपल्या अर्जाचा दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी सहानुभूतिपूर्वक विचार केला जाईल.

मीही आहे त्या कादंबरीत. तिसऱ्या प्रकरणात एक टायपिस्ट आहे. ती प्राचार्यांची पत्रं टाइप करता करता इतकी सुधारते, की प्राचार्यांना आपलंच पत्र ओळखू येत नाही आणि ते त्याला उत्तर पाठवतात. मी खाली लिहिलं, 'मजकूर खरा आहे. हरकत नाही.' निमकरांनी फाइल दोन्ही हातांनी घेतली. "एकही दुरुस्ती नाही. अशी फाइल पहिल्यांदाच परत आली."

निमकर निवृत्त व्हायच्या वर्षी मी एक काम त्यांना न विचारता केलं. एक कॉपी घेतली आणि अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशकांकडे नेऊन दिली. चार दिवसांनी ते गृहस्थ स्वतः कॉलेजात आले.

"बाहेरून कॉलेजला हसणारे पुष्कळ येतात माझ्याकडे," ते म्हणाले. "आतून हसणारा हा पहिलाच. छापतो."

तो दिवस मला चांगला आठवतो. घरी खडकीला पोचल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "आमच्या ऑफिसातही स्फोटक माल तयार होतो बरं का." नवरा दारूगोळा कारखान्यात. त्यानं वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, "टेस्टिंग झालंय?" म्हटलं, "बारापैकी अकरा प्रकरणांचं झालंय."

राहिलं होतं सातवं, आणि त्याची सही आल्याशिवाय निमकर कादंबरी छापू देणार नव्हते.

निमकरांच्या रजिस्टरमध्ये त्या प्रकरणासमोर तीन वर्षं एकच शेरा होता : 'सादर. प्रतीक्षेत.' सादर केलं होतं हर्डीकर सरांना. हे आमच्या कॉलेजचे इतिहासाचे प्राध्यापक, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेले. मोठा माणूस. वर्गाच्या खिडकीबाहेर उभं राहून दुसऱ्या कॉलेजची मुलं त्यांना ऐकायची. पण त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणं म्हणजे जन्मठेप. विद्यार्थी प्रबंधाची पानं घेऊन घरी जायचा, सर चहा पाजायचे, दोन तास पेशवाईत फिरवून आणायचे आणि निघताना म्हणायचे, "पुढच्या रविवारी या, बघू." ते वाक्य अख्ख्या कॉलेजला पाठ होतं. कुणी काम टाळायला लागलं की शिपाईसुद्धा म्हणायचा, "पुढच्या रविवारी या."

ह्या रविवारांचे सगळ्यात जुने वारसदार म्हणजे निमकर. नोकरी सांभाळून त्यांनी एम.ए. केलं होतं आणि हर्डीकर सरांकडे पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं. विषय, पेशवेकालीन पत्रांतले मायने. कुणी कुणाला काय म्हणून संबोधायचं, वडील भावाला काय आणि सावकाराला काय, ह्याचा अभ्यास. ह्या विषयाला त्यांच्याइतका लायक माणूस मिळाला नसता. नऊ वर्षं ते दर रविवारी गेले. प्रबंध लिहून झाला, बांधून झाला, सरांच्या टेबलावर ठेवून झाला. सरांनी तो उघडला नाही. मुदत संपली आणि नोंदणी रद्द झाली.

रद्द झाल्याचं पत्र कॉलेजच्या पत्त्यावर आलं. म्हणजे निमकरांच्याच टेबलावर. मी समोर होते. त्यांनी ते वाचलं, शिक्का मारला, आवक नंबर टाकला, वहीत 'कोणाकडे' ह्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि पोच म्हणून स्वतःच सही केली. मग मला ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाले, "नोंद घेतली."

सातवं प्रकरण त्याचं आहे. त्यात एक थोर प्राध्यापक आहेत. त्यांच्या पलंगाचा एक पाय आखूड आहे आणि त्याखाली विद्यार्थ्याचा प्रबंध आहे. विद्यार्थी दर रविवारी येतो, पलंग डुगडुगत नाही ना हे बघतो आणि प्रबंध योग्य जागी आहे ह्या समाधानानं परत जातो. बाकी अकरा प्रकरणं गुदगुल्या करतात. ह्याला दात आहेत. टाइप करताना मी दोनदा मशिनवरून उठले, एकदा हसून आणि एकदा नुसतीच.

तेव्हा ती सही का येत नव्हती, ह्याबद्दल माझी खात्री होती. एकतर सर रागावले असणार, नाहीतर निमकर घाबरले असणार.

प्रकाशकांनी मुदत दिली. मेअखेर सगळ्या परवानग्यांसकट पक्कं हस्तलिखित हातात हवं, नाहीतर त्यांनी छपाईला दुसरं पुस्तक धरलेलं होतं. प्राचार्यांना निरोप समारंभात कादंबरीची घोषणा करायची होती. त्यांनी मला बोलावलं. "शिंदेबाई, ती सही तुम्हीच आणा. तुम्हाला कोणी नाही म्हणत नाही."

हे खरं आहे. मी ज्या टेबलासमोर उभी राहते ते टेबल सही करतं.

निमकरांना न सांगता मी रविवारी सकाळी मोपेड काढली आणि सदाशिव पेठेत हर्डीकर सरांच्या घरी गेले. सोबत सातव्या प्रकरणाची माझी कॉपी आणि चालणारं पेन. दुसरा मजला. सरांच्या सुनेनं दार उघडलं. मी कॉलेजातून आलेय म्हटल्यावर ती म्हणाली, "तुम्हीही प्रकरणालाच का? या. आत्ताच सुरू झालंय."

आतल्या खोलीत सर आरामखुर्चीत होते. अंगानं निम्मे झालेले. समोर स्टुलावर बंद गळ्याचा कोट घालून निमकर, मांडीवर खाकी फाइल. ते पलंगाचा उतारा वाचत होते. मी दारातच थांबले. निमकरांची पाठ माझ्याकडे होती.

सर हसत होते. डोळ्यांना पाणी येईपर्यंत, गुडघ्यावर थाप मारत.

"कोण हो हा गाढव प्राध्यापक? आपल्याकडचाच का?"

"होय, सर. रीतसर नेमलेला."

"तरीच. आणि पलंग डुगडुगतो का मग?"

"नाही, सर. प्रबंध जाड आहे."

सर परत हसायला लागले. सुनेनं माझ्या कानाशी सांगितलं, "आठवडाभर कुणाशी बोलत नाहीत. आम्हाला ओळखतात, नाही ओळखत, काही नेम नाही. विद्यार्थी यायचे तेही बंद झाले. रविवारी मात्र हे असं."

वाचन संपलं. सरांनी डोळे पुसले. मग विचारलं, "त्या विद्यार्थ्याचं काय झालं हो पुढे?"

फायलीत ह्याचं उत्तर नव्हतं. निमकरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कारकून झाला, सर."

"अरेरे. सुखी आहे का?"

"आहे, सर."

"मग छापा," सर म्हणाले आणि पेनासाठी हात पुढे केला. निमकरांनी खिशातलं दुसरं पेन दिलं, मागितलं तर द्यायचं ते. सरांनी दोन ओळी लिहिल्या, सही केली, तारीख विचारून घातली.

मी मनात म्हटलं, झालं काम. माझी गरजच नव्हती.

सून चहा घेऊन आत गेली. बशीसकट. सरांनी चहा संपवला, खिडकीबाहेर बघितलं आणि मग निमकरांकडे वळून त्यांचा चेहरा उजळला, जणू ते आत्ता आले.

"निमकर, या. फायलीत काय आणलंय? प्रबंध कुठपर्यंत आला?"

"चालू आहे, सर."

"पुढच्या रविवारी या," सर म्हणाले. "बघू."

"होय, सर," निमकर म्हणाले आणि फायलीची लाल नाडी बांधली.

वळले तेव्हा मी त्यांना दिसले. दोघं जिना उतरलो. खाली आल्यावर मी हात पुढे केला. त्यांनी फाइल दिली. मी आयुष्यात पुष्कळ फायली उघडल्या आहेत, पण तशी नाही. प्रकरणामागे अभिप्रायाची पानं लावलेली होती, एकामागून एक. प्रत्येक रविवारची वेगळी सही. पहिल्या पानावरचं अक्षर टपोरं, ठाम : 'वाचले. हसलो. छापावे.' पुढे : 'हा गृहस्थ कोण? कठोर शासन व्हावे. छापावे.' मग : 'विद्यार्थ्याबद्दल वाईट वाटते. छापावे.' पानं उलटत गेले तसं अक्षर बारीक आणि वाकडं होत गेलं. आजच्या सहीत आडनावातला शेवटचा 'र' कागदाच्या कडेवरून खाली उतरला होता.

"निमकर, शंभरावर सह्या आहेत इथे. रजिस्टरला प्रतीक्षेत काय म्हणून लिहिता?"

"सह्या त्या त्या रविवारपुरत्या, बाई. अनुमती दिल्याचं ज्याला आठवत नाही, त्याची अनुमती धरता येत नाही."

"असं कुठल्या नियमात आहे?"

निमकरांना नियमाचा नंबर सांगता आला नाही, असं एकवीस वर्षांत पहिल्यांदाच घडलं. ते मोपेडच्या आरशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अंतिम सही आली, की फाइल बंद करावी लागते."

मी फाइल बंद केली आणि त्यांच्या हातात दिली. पुढे काय करायचं ते ठरवायला मला खडकीपर्यंतचा रस्ता पुरला. मी काही हळव्या स्वभावाची बाई नाही. पण काम कुठलं आणि कागद कुठला, एवढं हेडक्लार्कला कळायला हवं.

निरोप समारंभ मोठ्या हॉलमध्ये झाला. शाल, श्रीफळ, प्राचार्यांचं भाषण, म्हणजे जोडपत्र अ अधिक नवीन मुद्दे. कॉमर्सचे सर पहिल्या रांगेत. तिसऱ्या रांगेत प्रकाशक, मांडीवर मुखपृष्ठाच्या नमुन्याची गुंडाळी. शेवटी प्राचार्य म्हणाले, "आता ज्याची सगळे वाट बघताहेत ती बातमी शिंदेबाई देतील."

मी उठले. निमकर व्यासपीठावर शाल पांघरून बसले होते, आणि बंद गळ्याच्या कोटावर शाल म्हणजे उन्हाळ्यात शिक्षाच. ते माझ्याकडे बघत नव्हते. स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते. माझ्या एका वाक्यानं ती कादंबरी दिवाळीपर्यंत दुकानात गेली असती. माझं टायपिंग, माझे तीन कार्बन, तिसरं प्रकरण माझं. सह्या मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

"सातव्या प्रकरणाची सही बाकी आहे," मी म्हटलं. "परवाच जाऊन आले. हर्डीकर सरांनी पुढच्या रविवारी यायला सांगितलंय."

हॉल हसला. ते वाक्य सगळ्यांना पाठ होतं. प्राचार्यही हसले. प्रकाशक हसले नाहीत. त्यांनी हातातली गुंडाळी आणखी घट्ट केली, कार्यक्रम संपायच्या आत निघून गेले आणि दुसरं पुस्तक छापायला घेतलं. त्यांचंही बरोबर होतं.

निमकरांनी मान वर केली. माइक त्यांच्यापासून लांब होता, पण ओठ मला वाचता आले.

"नोंद घेतली."

ह्या गावात पुस्तकं छापलेल्या माणसांची वाण नाही. रस्त्यानं चालताना चार तरी भेटतात आणि त्यातले तीन आपणहून सांगतात. मला कुणी विचारलं, की एकवीस वर्षं कारकुनी करून काय मिळवलंस, तर मी सांगते, की एक न छापलेली कादंबरी टाइप केली. तीन कॉप्या आहेत. एक माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली, प्लॅस्टिकमध्ये.

निमकर अजून दर सोमवारी ऑफिसात चक्कर मारतात. नव्या आवक-जावकवाल्याचं रजिस्टर उभ्यानं बघतात आणि मान हलवतात. मागच्या सोमवारी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"बाई, अभिप्रायाची पानं संपली. थोडे पाठकोरे कागद मिळतील का?"

मी ड्रॉवर उघडला आणि दोन दस्ते काढून ठेवले. कोरे, दोन्ही बाजूंनी.

"एवढे?"

"असू द्यात," मी म्हटलं. "लागतील."

त्यांनी कागद मोजले नाहीत. खिशातलं पेन काढलं, माझ्या टेबलाच्या कडेला टेकून दोन दस्त्यांचं मागणीपत्र लिहिलं, खाली सही केली आणि माझ्यापुढे सरकवलं. मी 'मंजूर' लिहिलं.